गाडीचा कर परत देण्यापूर्वी एवढे विचारा: ती पोचली का, आणि चालते का?

प्रति,
निर्यात झालेल्या गाड्यांचा नोंदणी कर परत देणाऱ्या देशांचे अर्थमंत्री, तिथली महसूल खाती आणि युरोपीय आयोग

महोदय, महोदया,

आपल्यापैकी काही देशांत नवी गाडी रस्त्यावर आणायची तर तिच्या मूळ किमतीच्या बरोबरीने, कधी त्याहूनही जास्त कर भरावा लागतो. डेन्मार्कमध्ये वरच्या टप्प्याचा दर २०१५ पर्यंत १८० टक्के होता. आज तो १५० टक्के आहे. नेदरलँड्समध्ये ‘बीपीएम’ नावाचा कर गाडीच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनावर बसतो. आयर्लंडमध्ये ‘व्हीआरटी’ नावाचा नोंदणी कर आहे, फिनलंड आणि नॉर्वेतही नोंदणीच्या वेळचा मोठा कर आहे. पुढे हीच गाडी वापरून झाल्यावर परदेशी विकली, तर तिच्यात उरलेला कर आपण मालकाला किंवा व्यापाऱ्याला परत देता. या परताव्यावर जुन्या गाड्यांचा मोठा व्यापार चालतो. त्याबद्दलच हे पत्र आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. परतावा बंद करू नका. पण गाडी आपल्या देशातून बाहेर पडली एवढ्यावर पैसे देऊ नका. ती दुसऱ्या देशाच्या नोंदणीत चढली आहे आणि चढताना रस्त्यावर चालवण्याजोगी होती, हे दोन्ही पाहून मग द्या.

हा परतावा म्हणजे व्यापाऱ्यांना वाटलेली खिरापत आहे, असे आपल्याच संसदांमधून अधूनमधून ऐकू येते. ते खरे नाही. नोंदणी कर हा गाडी त्या देशाच्या रस्त्यांवर आयुष्यभर फिरेल असे धरून एकदम आगाऊ घेतला जातो. पाचव्या वर्षी गाडी देश सोडून गेली तर उरलेल्या वर्षांचा कर सरकारने कशासाठी ठेवायचा? आयातीच्या बाजूने युरोपच्या न्यायालयाने हाच विचार फार पूर्वी मान्य केला आहे. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीवर, देशातल्या तशाच जुन्या गाडीच्या किमतीत जेवढा कर शिल्लक असतो त्याहून जास्त कर लावता येत नाही. पोर्तुगालच्या प्रकरणात १९९५ मध्ये, फिनलंडच्या प्रकरणात २००२ मध्ये आणि रुमानियाच्या प्रदूषण कराच्या प्रकरणात २०११ मध्ये न्यायालयाने हेच तत्त्व लावले. म्हणजे कर गाडीत शिल्लक असतो आणि वर्षागणिक उतरत जातो, हे आपण आत येणाऱ्या गाडीसाठी मान्य करता. मग बाहेर जाणाऱ्या गाडीसाठी तेच अमान्य कसे करणार? युरोपीय आयोगाने २००५ मध्ये नोंदणी कर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आणि तोवर परताव्याची सोय ठेवण्याचा प्रस्ताव आणला होता. करविषयक निर्णयाला सगळ्या सदस्य देशांची संमती लागते. ती मिळाली नाही, आणि प्रत्येक देश आपापल्या नियमांनी चालत राहिला.

या व्यापारात नफा नेमका कुठून येतो, हे महसूल खात्यांना पाठ असले तरी मतदारांना ठाऊक नसते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. आकडे कल्पित आहेत, चलन कोणतेही धरा. गाडीची मूळ किंमत २०,००० आणि कर तेवढाच. म्हणजे शोरूममधून ती ४०,०००ला बाहेर पडली. पाच वर्षांनी बाजारात ती १६,०००ला जाते. या १६,००० मध्ये ८,००० गाडीचे आणि ८,००० कराचे आहेत. शेजारच्या देशात असा कर नाही, तर तिथला ग्राहक निव्वळ गाडीचे पैसे देणार, ८,०००च्या आसपास. परतावा नसेल तर ही गाडी कोणीही बाहेर विकणार नाही. आता परतावा आला. डेन्मार्क हिशेबाने निघालेल्या रकमेतून किमान १५ टक्के कापून घेतो. त्या मापाने ८,००० पैकी ६,८०० हाती आले. बाहेरच्या ग्राहकाने ९,५०० दिले तर एकूण १६,३०० झाले. देशात विकण्यापेक्षा ३०० जास्त. गाडी निघाली.

आता बाहेरचा ग्राहक ८,०००च्या गाडीला ९,५०० का देईल? कारण जिथे कर अवाढव्य असतो तिथे कंपन्या गाडीची मूळ किंमत कमी ठेवतात, नाहीतर कर मिळवून ती कोणालाच परवडणार नाही. युरोपीय आयोग पूर्वी गाड्यांच्या किमतींचे तुलनात्मक अहवाल काढत असे. त्यांत करापूर्वीच्या किमतींत डेन्मार्क वर्षानुवर्षे सर्वांत स्वस्त देशांमध्ये दिसायचा. तीच गाडी जर्मनीत करापूर्वीच जास्त महाग. हा फरक जुन्या गाडीच्या किमतीतही टिकून राहतो, आणि परताव्याने कराची भिंत खाली आली की व्यापाऱ्याला तो कमावता येतो. यात लबाडी नाही. एका देशात स्वस्त आणि दुसऱ्या देशात महाग असलेली वस्तू जागा बदलते, एवढेच.

उलट मला या व्यवहारातली एक गोष्ट फार मोलाची वाटते, आणि परताव्याचे विरोधक तिच्याकडे बघतच नाहीत. परतावा उरलेल्या कराचा असतो. गाडी जितकी तरुण तितका कर जास्त उरलेला, म्हणून परताव्यामुळे बाहेर पडतात त्या गाड्या तुलनेने नव्या, स्वच्छ, सुरक्षित असतात. ज्या गाडीतला कर वितळून शून्यावर आला, तिला बाहेर जायला परताव्याची गरजच नाही. ती तशीही जाते. नेदरलँड्सकडे पाहा. तिथे बीपीएमचा परतावा मिळायचा तर गाडीची कायमची नोंदणी युरोपीय संघातल्या किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या दुसऱ्या देशात व्हावी लागते. आफ्रिकेला जाणाऱ्या गाडीला परतावा नाही. तरीही त्याच देशाच्या बंदरांतून पश्चिम आफ्रिकेकडे गाड्या जातात, आणि त्या कशा असतात हे डच सरकारच्याच पर्यावरण व वाहतूक तपासणी यंत्रणेने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले. बहुतेक गाड्या १६ ते २० वर्षांच्या, बहुसंख्य ‘युरो ४’ या युरोपच्या प्रदूषण मानकापेक्षा खालच्या दर्जाच्या, आणि अनेकींकडे निघताना चालू तपासणीचे प्रमाणपत्रही नव्हते. काहींचे उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे धुरातले विष कमी करणारे यंत्र, आतल्या मौल्यवान धातूंसाठी आधीच काढून घेतलेले होते.

म्हणजे अटी असलेला परतावा जिथे लागू होतो तिथे चांगली गाडी जाते, आणि जिथे परतावाही नाही, अटही नाही, तिथे भंगार जाते. म्हणूनच परतावा रद्द करा ही मागणी मला चुकीची वाटते. भंगाराची निर्यात त्याने थांबणार नाही. थांबेल ती फक्त चांगल्या गाड्यांची.

मग पत्र कशासाठी? कारण सगळे परतावे डच नियमासारखे नाहीत, आणि डच नियमही अर्ध्या वाटेवर थांबतो. आयर्लंडने २०१३ मध्ये निर्यात परताव्याची योजना आणली. तिथे गाडीची तपासणी होते, चालू ‘एनसीटी’ म्हणजे रस्त्यावर चालवण्याच्या योग्यतेचे प्रमाणपत्र लागते, उरलेला कर किमान २,००० युरो असावा लागतो आणि तपासणीनंतर ३० दिवसांच्या आत गाडी देशाबाहेर न्यावी लागते. गाडी धड आहे का, हे निघण्याच्या जागी पाहण्याची ही पद्धत चांगली आहे. डच पद्धतीत गाडी पोचल्याच्या जागी नोंदली गेली का, हे पाहिले जाते, तेही चांगले. मला दोन्ही एकत्र हवे आहेत, आणि युरोपच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठीही हवे आहेत. आज जगात ज्या व्यवस्थांमध्ये जहाजाचे बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) आणि सीमाशुल्काचा निर्यात परवाना एवढ्यावर सरकारी तिजोरीतून पैसे निघतात, तिथे सरकारचा संबंध बंदराच्या धक्क्यावर संपतो. गाडीचा मात्र संपत नाही. तिचे आणखी दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य कुणाच्या तरी रस्त्यावर, कुणाच्या तरी फुप्फुसांत जायचे असते.

जपानचे उदाहरण इथे सांगितलेच पाहिजे. त्याचा करपरतावा वेगळ्या प्रकारचा आहे, पण त्यातून जे दिसते ते सर्वांना लागू आहे. जपानमधला निर्यातदार लिलावातून जुनी गाडी घेतो आणि परदेशी पाठवतो. निर्यातीवर उपभोग कर नसल्याने खरेदीत भरलेला १० टक्के कर त्याला परत मागता येतो. याशिवाय जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या वाहन पुनर्चक्रण कायद्याने प्रत्येक गाडीमागे एक ठेव आगाऊ घेतली जाते. गाडी तोडताना एअरबॅग काढणे, वातानुकूलन यंत्रातला वायू सुरक्षितपणे काढून घेणे, उरलेला चुरा मार्गी लावणे, यासाठी ते पैसे असतात. गाडी निर्यात झाली की ही ठेवही परत मिळते. जपानच्या बाजूने पाहिले तर तर्क बरोबर आहे: गाडी इथे तोडली जाणार नाही, मग इथे पैसे ठेवायचे कशाला? पण गाडी तोडली तर जाणारच आहे. टांझानियात तोडली जाईल, मंगोलियात तोडली जाईल. एअरबॅग तिथेही फुटेल, वायू तिथेही सुटेल. फक्त ते काम सुरक्षितपणे करण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे गाडीबरोबर गेले नाहीत. ते निर्यातदाराच्या खात्यात उतरले. विशेष म्हणजे याच देशात वाहन वजन कराचा परतावा गाडी नियमानुसार तोडल्याशिवाय मिळत नाही, निव्वळ निर्यातीवर मिळत नाही. म्हणजे पैसे कुठल्या टप्प्यावर सोडायचे हे ठरवणे सरकारच्या हातात असते, आणि ते ठरवता येते.

हे प्रमाण केवढे आहे, याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये दिला. २०१५ ते २०१८ या काळात जगात १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या एका देशातून दुसऱ्या देशात गेल्या. त्यांतल्या ५४ टक्के युरोपीय संघातून, २७ टक्के जपानमधून आणि १८ टक्के अमेरिकेतून निघाल्या. सुमारे ८० टक्के गाड्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या, निम्म्याहून जास्त आफ्रिकेत. ज्या १४६ देशांचे आयात नियम तपासले, त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश देशांचे नियम दुबळे किंवा अतिदुबळे निघाले. आणि युरोपच्या आत? आयोगाच्याच अंदाजाने दर वर्षी सुमारे ३५ लाख गाड्या युरोपच्या रस्त्यांवरून कागदोपत्री कुठेही न उरता गायब होतात. त्यांपैकी किती बेकायदा तोडल्या गेल्या आणि किती सीमेपार गेल्या, याची नोंद कुठेही सापडत नाही.

तिजोरीच्या दृष्टीनेही बाहेर पडण्यावर दिलेला परतावा धोक्याचा आहे. परतावा बहुतेक ठिकाणी गाडीच्या त्या वेळच्या बाजारभावावरून काढला जातो. बाजारभाव वयावर, अवस्थेवर आणि किलोमीटरवर ठरतो. किलोमीटर मोजणारा काटा मागे फिरवला की भाव चढतो, भाव चढला की परतावाही चढतो. आणि परदेशातल्या खरेदीदाराला त्याच खोट्या काट्याने दुसऱ्यांदा फसवले जाते. युरोपीय संसदेसाठी झालेल्या अभ्यासात देशांतर्गत जुन्या गाड्यांच्या विक्रीत काटा फिरवलेल्यांचे प्रमाण ५ ते १२ टक्के आणि सीमेपारच्या विक्रीत ३० ते ५० टक्के असल्याचा अंदाज आहे. सीमा ओलांडताना गाडीचा इतिहास मागेच राहतो, म्हणून हा फरक पडतो. बेल्जियमने २००६ पासून ‘कार-पास’ची व्यवस्था केली, दर दुरुस्तीला, दर तपासणीला काट्याचा आकडा नोंदवला जातो आणि विक्रीच्या वेळी तो इतिहास खरेदीदाराला द्यावाच लागतो. ज्या अर्जावर आपण परतावा मंजूर करता त्याच अर्जावर काट्याचा आकडा आणि चेसिस क्रमांक नोंदवून तो आयात करणाऱ्या देशाच्या नोंदणी कार्यालयाला पाठवायला कितीसा खर्च येणार आहे?

दुसरी पळवाट मूल्यांकनाची. गाडी बाहेर जाताना तिची किंमत जास्त दाखवायची आणि काही काळाने तीच किंवा तिच्यासारखी गाडी आत आणताना कमी दाखवायची, की मधल्या फरकाचा भार करदात्यावर पडतो. यावर उपाय अवघड नाही. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीचे मूल्य एकाच पद्धतीने, एकाच तक्त्यावरून काढा, आणि तो तक्ता सर्वांना पाहू द्या.

आता ज्यांच्या नावाने हा परतावा असतो त्या सामान्य मालकाबद्दल. परताव्याची रक्कम खऱ्या अर्थाने कोणाकडे जाते? ज्याला हिशेब येतो त्याच्याकडे. साधा मालक गाडी शोरूमला देऊन नवी घेतो. तिच्यात किती कर उरलेला आहे आणि बाहेर विकली तर किती परत मिळेल, हे त्याला कोणी सांगत नाही. व्यापारी ते जाणतो आणि त्याप्रमाणे भाव लावतो. यात व्यापाऱ्याचा दोष मी मानत नाही. माहिती ही त्याची मेहनत आहे. दोष माहिती लपून राहू देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. गाडीचा क्रमांक टाकला की आज तिच्यात किती कर शिल्लक आहे ते दिसावे, अशी सोय प्रत्येक महसूल खात्याने आपल्या संकेतस्थळावर करावी. ज्या दिवशी मालकाला हा आकडा दिसेल त्या दिवशी तो भाव करताना तो मांडेल, आणि परताव्यातला मोठा वाटा कर भरणाऱ्याकडे परत येईल.

प्रक्रियेच्या खर्चाबद्दलही बोलले पाहिजे. अटी घाला म्हणताना त्या अटींच्या नावाखाली परतावा गिळून टाका, असे मी म्हणत नाही. आयर्लंडमध्ये भाडेपट्ट्याने थोड्या काळासाठी आणलेल्या गाडीवरही पूर्ण कर आगाऊ घेतला जायचा. नंतर परतावा देताना व्याज मिळायचे नाही आणि वर ५०० युरोंचे प्रक्रिया शुल्क कापले जायचे. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपच्या न्यायालयाने हे युरोपीय कायद्याचे उल्लंघन ठरवले. निकाल येण्याआधीच आयर्लंडने ते शुल्क १०० युरोंवर आणले होते. तपासणीचा खरा खर्च घ्यायला हरकत नाही. पण तो खर्च आहे, दंड नाही, हे त्या रकमेकडे पाहून कळले पाहिजे. आणि पोचल्याचा पुरावा येईपर्यंत पैसे थांबवायचे असतील तर पुरावा आल्यावर किती दिवसांत पैसे मिळतील हेही नियमात लिहा. छोट्या व्यापाऱ्याचे भांडवल महिनोन्‌महिने अडकले तर तो या धंद्यातून उठेल आणि मैदान फक्त मोठ्यांना मोकळे होईल.

यावर आपली खाती काय म्हणतील याची मला कल्पना आहे. युरोपच्या आत ‘युकॅरिस’ नावाची यंत्रणा देशादेशांतल्या वाहन नोंदणीची माहिती एकमेकांना देते, त्यामुळे जर्मनीत नोंदणी झाली हे नेदरलँड्सला कळू शकते. पण घाना किंवा केनियातून पुरावा कसा आणायचा? याचे उत्तर त्या देशांनीच तयार करून ठेवले आहे. केनिया आठ वर्षांहून जुनी गाडी आत घेत नाही आणि गाडी जहाजावर चढण्याआधीच, निघण्याच्या देशात, तिची तपासणी करून घेते. युगांडाने २०१८ मध्ये १५ वर्षांहून जुन्या गाड्यांवर बंदी घातली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेने जानेवारी २०२१ पासून युरो ४ हा किमान दर्जा आणि हलक्या गाड्यांसाठी पाच वर्षांची मर्यादा ठरवली, तिथवर पोचायला दहा वर्षांची मुदतही दिली. म्हणजे घेणारे देश आपले काम करू पाहत आहेत. त्यांच्याकडे नसते ते पैशाचे टोक. ते आपल्या हातात आहे. केनियाचे तपासणी प्रमाणपत्र किंवा घानाची राजधानी अक्रा इथल्या नोंदणी कार्यालयाचा दाखला हा परताव्याचा आवश्यक कागद ठरवला, तर तो कागद मिळवण्याची धडपड निर्यातदार स्वतः करील. आपल्या अधिकाऱ्यांना आफ्रिकेत जावे लागणार नाही. खोटे दाखले येतील, हे मान्य आहे. पण आजही खोटे कागद येतातच, आणि चेसिस क्रमांकाची उलटतपासणी दोन नोंदणी कार्यालयांना करता येते, एका बंदराला येत नाही.

युरोपीय आयोगाला यात खास विनंती आहे. जुलै २०२३ मध्ये आपण आयुष्य संपलेल्या गाड्यांबद्दल जो नवा नियम प्रस्तावित केला, त्यात रस्त्यावर चालवण्याच्या अवस्थेत नसलेली गाडी संघाबाहेर पाठवता येणार नाही, असे म्हटले आहे. हे फार चांगले पाऊल आहे. पण बंदी फक्त दाराशी उभी असते. सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर कंटेनरमध्ये एकावर एक रचलेल्या गाड्या येतात आणि त्याच्याकडे वेळ थोडा असतो. ज्या देशांत नोंदणी कराचा परतावा आहे, तिथे या बंदीला परताव्याची जोड द्या. प्रमाणपत्र नसलेल्या गाडीला अडवता आले नाही, तरी निदान तिच्यावर सार्वजनिक पैसा जाता कामा नये.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या सगळ्याला नवे वळण दिले आहे, आणि इथे आपण गाफील राहिलात तर मागचीच गोष्ट उलट्या दिशेने घडेल. पेट्रोल-डिझेलच्या गाडीवर कर घेतला जातो आणि बाहेर गेली की परत दिला जातो. विजेच्या गाडीवर अनेक देशांनी कर घेतलाच नाही, वर अनुदान दिले. मग ती बाहेर गेली तर अनुदानाचे काय? जर्मनीत अनुदान घेतलेली गाडी सहा महिने स्वतःकडे ठेवली की विकता येत असे. अनुदानामुळे तिथे स्वस्त पडलेल्या, जवळजवळ नव्या गाड्या डेन्मार्क, नॉर्वेसारख्या देशांत जाऊ लागल्या. जर्मन करदात्याने दिलेले पैसे सीमेपार गेले. २०२३ पासून ही मुदत १२ महिने झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात योजनाच एकाएकी बंद पडली. मुदत वाढवणे हा अर्धवट इलाज होता. नोंदणी कर जसा वर्षागणिक उतरतो तसे अनुदानही उतरते धरा, आणि गाडी मुदतीआधी देश सोडून गेली तर उरलेला भाग परत घ्या. जो हिशेब मालकाच्या बाजूने न्याय्य आहे तो तिजोरीच्या बाजूनेही न्याय्य आहे.

आणि बॅटरी. जुन्या विजेच्या गाडीची किंमत बरीचशी बॅटरीच्या प्रकृतीवर ठरते, पण नेहमीच्या योग्यता तपासणीत ब्रेक, दिवे, चाके पाहिली जातात. बॅटरीत किती दम उरला आहे ते पाहिले जात नाही. मरणपंथाला लागलेली बॅटरी घेऊन एखादी गाडी अशा देशात गेली की जिथे ती दुरुस्त करणारे कोणी नाही आणि तिचे सुटे भाग सुरक्षितपणे वेगळे करणारे कोणी नाही, तर जुन्या डिझेल गाडीपेक्षाही मोठे संकट आपण निर्यात केलेले असेल. युरोपच्या नव्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल ओळखपत्र असणे बंधनकारक आहे. त्यातली उरलेल्या क्षमतेची नोंद निर्यातीच्या कागदांत घालायला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

माझी मागणी कायद्याच्या भाषेत बसवायची तर ती फार लांब होत नाही. परताव्याच्या नियमात जिथे ‘निर्यात झाल्यावर’ असे लिहिले आहे, तिथे ‘घेणाऱ्या देशात नोंदणी झाल्याचा आणि त्या देशाच्या मापाने योग्यता तपासणी उतरल्याचा दाखला सादर झाल्यावर’ असे लिहा. दाखला आल्यापासून ६० दिवसांत रक्कम द्या, उशीर झाला तर व्याज द्या. पुढच्या अर्थसंकल्पाच्या विधेयकात हा बदल करता येईल. डच महसूल खाते नोंदणीचा अर्धा भाग कित्येक वर्षे राबवते आहे, आयरिश खाते तपासणीचा अर्धा भाग राबवते आहे. दोघांनी आपापले अनुभव एकमेकांसमोर आणि इतर देशांसमोर ठेवले, तरी सुरुवात होईल. घेणाऱ्या देशांपैकी केनियापासून सुरुवात करा, कारण तिथे निर्यातपूर्व तपासणीची व्यवस्था आधीपासून चालू आहे आणि पहिल्या वर्षीच ती कितपत टिकते ते कळेल.

कळावे,

आपला,
जुन्या गाड्यांच्या व्यापाराचा एक अभ्यासू वाचक